निकाल खराब आला, तर आधी काय तपासायचे: पाय की नकाशा?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहणारा, वय ३४, रस्त्यावर १० किलोमीटर ४८ मिनिटांत धावणारा धावपटू. ऑरिएंटियरिंग, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेल्या जागा क्रमाने शोधत धावण्याचा खेळ. त्यातल्या जंगलातल्या मिडल डिस्टन्स (मध्यम अंतराच्या) स्पर्धेत ४.६ किलोमीटर, १५० मीटर चढ आणि १४ कंट्रोल्स (शोधायच्या जागा) असा कोर्स त्याने ६६:३० मिनिटांत पूर्ण केला. विजेत्याची वेळ ३६:००. सोबत १५ लेग्सच्या (एका कंट्रोलपासून पुढच्यापर्यंतच्या टप्प्यांच्या) स्प्लिट वेळा, म्हणजे प्रत्येक टप्प्याला लागलेल्या वेळा, दिल्या आहेत. विचारणा अशी की धावण्याचा सराव वाढवावा का, आणि त्याआधी फिटनेस नेमका कसा मोजावा.

साडेतीस मिनिटांचा फरक पाहिला की पहिला विचार येतो तो ‘आपण हळू आहोत’ हाच. त्या विचारावर सहा महिने रस्त्यावर किलोमीटर घालवण्याआधी घरी बसून अर्ध्या तासाचा हिशेब करा. तो झाल्यावरच बूट घाला.

स्प्लिटच्या तक्त्यात प्रत्येक लेगसाठी सगळ्या स्पर्धकांमधली सर्वांत कमी वेळ शोधा. तुमची वेळ भागिले ही सर्वोत्तम वेळ, असे १५ गुणोत्तर निघतील. ते चढत्या क्रमाने लावा आणि बरोबर मधले, म्हणजे आठवे, घ्या. सरासरी घेऊ नका, कारण एका मोठ्या चुकीने सरासरी बिघडते, मधला आकडा जागचा हलत नाही. एखाद्या लेगची सर्वोत्तम वेळ इतरांशी अजिबात जुळत नसेल, तर तिथे दुसऱ्या क्रमांकाची वेळ धरा. तुमचा मधला आकडा १.४० येतो. उदाहरणार्थ चौथा लेग: सर्वोत्तम २:१०, तुमची ३:०२. याचा अर्थ चूक न करता तुम्ही त्या दिवशी सर्वोत्तम वेळेच्या १.४ पट वेळ घेत होता. सगळ्या सर्वोत्तम वेळांची बेरीज ३४:४० आहे. तिला १.४० ने गुणले की ४८:३२. ही तुमची बिनचुकीची वेळ. प्रत्यक्षात लागले ६६:३०, म्हणजे जवळपास १८ मिनिटे निव्वळ चुकांची. पायांचा विषय अजून सुरूही झालेला नाही.

आता आकड्यांमधली खरी गोम पाहा. सातव्या लेगला सर्वोत्तम वेळ १:५०, तुमची ८:२५. तुमच्या नेहमीच्या वेगाने तिथे २:३४ लागायला हवे होते, म्हणजे ५:५१ गेले. अकराव्याला सर्वोत्तम ३:२०, तुमची ९:१०, म्हणजे आणखी साडेचार मिनिटे. दोन कंट्रोल्सवर मिळून दहा मिनिटांहून जास्त. पण त्यांच्या आधीचे लेग बघा. सहावा लेग मोठ्या चढाचा आहे, सर्वोत्तम ३:००, तुमची ३:४०. गुणोत्तर १.२२, म्हणजे संपूर्ण कोर्समधला तुमचा सर्वांत चांगला लेग! दहावाही तसाच, पायवाटेवरून लांब चढण, १.२५. दोन्ही वेळा तुम्ही चढ जोरात मारलात आणि लगेच पुढच्या कंट्रोलवर हरवलात. पाय कमी असलेल्या माणसाचा तक्ता असा दिसत नाही. दम भरलेला असताना नकाशा वाचण्याची मर्यादा ओलांडली गेली, की तक्ता असा दिसतो. फिटनेसची चाचणी तरीही हवीच, पण ती ‘मी किती वेगात धावतो’ एवढ्यासाठी नको. ‘कोणत्या वेगापर्यंत माझे डोके माझ्यासोबत असते’ हे कळण्यासाठी हवी.

त्यासाठी चार वेगळे आकडे काढायचे: सपाटीवरचा, चढावरचा, आडरानातला आणि हातात नकाशा घेतल्यावरचा. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. दोन आकड्यांमधले अंतर बोलते.

सपाटीची चाचणी म्हणून ट्रॅकवर ३००० मीटर धावा. सणस मैदान किंवा बालेवाडीच्या क्रीडासंकुलाचा सिंथेटिक ट्रॅक, जिथे प्रवेश मिळेल तिथे. ४०० मीटरच्या ट्रॅकवर साडेसात फेऱ्या होतात, म्हणून समाप्तीरेषेच्या समोरच्या बाजूच्या २०० मीटरच्या खुणेपासून सुरुवात करा आणि पहिल्या लेनमध्येच राहा. अंतर घड्याळावर मोजू नका, ट्रॅकवर जीपीएस बहुधा जास्त दाखवते. १० किलोमीटर ४८:०० मध्ये धावणाऱ्याची ३००० मीटरची अपेक्षित वेळ रीगलच्या सूत्राने (वेळेचे गुणोत्तर म्हणजे अंतराच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात) सुमारे १३:२४ येते, म्हणजे फेरीला १:४७. तुम्ही १२:४० मध्ये आलात, तर वेग आहे पण लांब टिकत नाही. १३:५० लागले, तर टिकाव आहे पण वरचा वेग कमी आहे. मिडलसाठी दुसरी उणीव जास्त महाग पडते. पहिली फेरी १:३५ मध्ये मारून नंतर १:५५ वर घसरणे हा या चाचणीचा नेहमीचा घोळ आहे. तसे झाले तर तो आकडा फेकून द्या आणि आठवड्याने पुन्हा धावा. शाळा-कॉलेजात आणि भरतीच्या तयारीत माहीत झालेली १२ मिनिटांची कूपर टेस्ट केली तरी चालते. मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागले की व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते त्याचा) अंदाज येतो. २७०० मीटरला तो सुमारे ४९. पण आपल्या कामासाठी ती ३००० मीटरहून वेगळे काही सांगत नाही. घड्याळ आपोआप दाखवते त्या व्हीओटू मॅक्सवर तर मुळीच विसंबू नका. मनगटावरचा हृदयगतीचा सेन्सर खडबडीत जमिनीवर आणि हातात नकाशा घट्ट धरलेला असताना वाटेल ते आकडे देतो. छातीचा पट्टा वापरा, नाहीतर हृदयगती सोडूनच द्या.

चढाच्या चाचणीसाठी पुणेकरांना दोन जागा आधी आठवतात, सिंहगड आणि पर्वती. दोन्ही इथे चुकीच्या. सिंहगडाचा चढ सलग आणि फार लांब आहे. ऑरिएंटियरिंगमध्ये चढ १५ ते ५० मीटरच्या तुकड्यांत येतो आणि प्रत्येक तुकड्यानंतर लगेच डोके चालवावे लागते. पर्वतीच्या १०३ पायऱ्या तुमचे पाऊल ठरवून देतात, कोर्सवर तशी आखीव पायरी कुठेच मिळत नाही. त्याऐवजी तळजाई, वेताळ टेकडी किंवा बाणेर-पाषाणच्या टेकडीवर ३०० ते ४०० मीटर लांबीत ५० मीटर उंची चढणारी मुरमाड पायवाट शोधा. उंची बॅरोमीटर असलेल्या घड्याळाने तीन वेळा मोजून मधली घ्या. केवळ जीपीएसची उंची दहा-वीस मीटरनी सहज चुकते. ही पायवाट चार वेळा वर धावा, प्रत्येक वेळी तीन मिनिटे चालत-उतरत विश्रांती. ५० मीटर तीन मिनिटांत म्हणजे तासाला १००० मीटर चढाचा वेग. मात्र इथे मुख्य बघायचे ते पहिल्या आणि चौथ्या फेरीतला फरक. तो दहा टक्क्यांच्या वर गेला, तर मिडलच्या शेवटच्या एक तृतीयांश भागात तुम्ही चढांवर वेळ घालवणार हे नक्की. त्याच पायवाटेवर उताराचीही वेळ घ्या, वेगळ्या दिवशी. सैल मुरमावर, काळ्या कातळाच्या उघड्या पाठीवर पाय टाकायला माणूस बिचकत असेल, तर उतारावर तो एवढे हरतो की चढावरची कमाई तिथेच संपते. बुटाचा प्रश्नही इथे कळतो. धातूचे खिळे असलेले बूट ओल्या मातीत उत्तम, पण आपल्या कठीण बसाल्टवर घसरतात. खोल रबरी गुंड्यांचा सोल इथे जास्त भरवशाचा.

तिसरी चाचणी सगळ्यांत महत्त्वाची आणि लोक नेमकी तीच टाळतात. आडरानातली फेरी, नकाशाशिवाय.

साधारण १.४ किलोमीटरची, ३० ते ४० मीटर चढाची गोल फेरी आखा. त्यात एक तृतीयांश पायवाट, एक तृतीयांश उघडे गवताळ माळरान आणि एक तृतीयांश दगड-झुडपांचा भाग असावा. आपल्या टेकड्यांवर तिसऱ्या प्रकाराला तोटा नाही. गिरिपुष्पाची दाट लागवड आणि त्याखाली माजलेली घाणेरी, दोन्ही आयते मिळतात. कागदी किंवा कापडी पट्ट्या दर २५-३० मीटरवर बांधा, म्हणजे एका पट्टीवरून पुढची दिसेल आणि कुठेही विचार करावा लागणार नाही. विचार करावा लागला की चाचणी बिघडली. म्हणून आधी एक फेरी सावकाश धावून वाट पाठ करा, आणि मग दुसऱ्या दिवशी तीन फेऱ्या सलग, स्पर्धेच्या जोराने. या टेकड्यांचा बराच भाग वनखात्याचा आहे. वेळा पाळा, रंगाने खुणा करू नका, झाडाला खिळा मारू नका आणि त्याच दिवशी सगळ्या पट्ट्या काढून आणा. पहाटेच्या चालणाऱ्यांची गर्दी नको असेल तर आठवड्यातला मधला दिवस घ्या.

चढ हिशेबात घ्यायचा तो असा: १०० मीटर चढ म्हणजे एक किलोमीटर सपाटी. १.४ किलोमीटर आणि ३५ मीटर चढ म्हणजे १.७५ किलोमीटर हिशेबी अंतर. समजा तीन फेऱ्यांच्या वेळांतली मधली वेळ ११:०० मिनिटे आली, तर हिशेबी किलोमीटरला ६:१७. तुमचा १० किलोमीटरचा वेग ४:४८. भागाकार १.३१. तुलनेला ३००० मीटरचा वेग न घेता १० किलोमीटरचा घ्यायचा, कारण तीन फेऱ्यांना अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि मिडलच्या विजेत्याची वेळही तेवढीच, ३० ते ३५ मिनिटांच्या आसपास, अपेक्षित असते. हा भागाकार १.३ च्या आसपास असेल, तर रस्त्यावरचा तुमचा फिटनेस रानात उतरतो आहे. १.५ च्या वर गेला, तर रस्त्यावर कितीही मेहनत केली तरी ती रानात पोचत नाही. घोटे, मांड्या आणि पाऊल टाकण्याची नजर कमी पडते. हे ठोकताळे याच प्रकारच्या मिश्र फेरीसाठी आहेत. तुमच्या फेरीत घाणेरी जास्त असेल तर आकडा वाढणारच. आंतरराष्ट्रीय नकाशा-संकेतांत फिका हिरवा म्हणजे नेहमीच्या वेगाच्या ६० ते ८० टक्के, मधला हिरवा २० ते ६० आणि गडद हिरवा २० टक्क्यांच्याही खाली. फेरी कोणत्या हिरव्यातून जाते त्यावर सगळे ठरते.

ऋतूचीही तीच गोष्ट. ऑक्टोबरात माळावर कमरेएवढे गवत, नोव्हेंबरात कुसळे मोज्यांतून आत जाऊन टोचतात, एप्रिलमध्ये तोच माळ मोकळा आणि टणक. ऑक्टोबरची फेरी एप्रिलच्या फेरीशी ताडून ‘मी सुधारलो’ म्हणण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात ही चाचणी करूच नका: निसरडे दगड, गवताखाली न दिसणारे खड्डे आणि साप. आणि दिवसाची वेळ एकच ठेवा. सकाळी साडेसहाची फेरी आणि साडेनऊच्या उन्हातली फेरी या दोन वेगळ्या चाचण्या आहेत.

चौथी चाचणी त्याच परिसरात, पण दुसऱ्या भागात, नकाशा घेऊन. १:१०००० चा नकाशा हवा. तयार नसेल तर ओपनओरिएंटियरिंग मॅपर या मोफत सॉफ्टवेअरवर एक चौरस किलोमीटरचा साधा नकाशा दोन-तीन रविवारांत उभा राहतो. पायवाटा, झुडपांच्या कडा, मोठे खडक, ओढे आणि ५ मीटरच्या समोच्च रेषा एवढे पुरे. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट मोठी करून वापरू नका. १:५०००० वरचा तपशील या कामाला अपुरा आहे. नकाशावर २.८ किलोमीटरची एक वाकडीतिकडी रेषा दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या, तीत ७० मीटर चढ असावा. तुम्ही त्या रेषेवरूनच धावायचे. इथे रूट चॉइस (वाट स्वतः निवडणे) नाही, म्हणून अंतर ठरलेले आहे आणि जादा वेळ फक्त वाचनाची लागते. हिशेबी अंतर ३.५ किलोमीटर, तुमच्या ६:१७ च्या वेगाने २२:०० मिनिटे. प्रत्यक्षात २८:३० लागली तर नकाशा तुम्हाला ३० टक्क्यांनी हळू करतो आहे. १०-१५ टक्के चांगले. २५ च्या वर असेल तर धावण्याच्या सरावाला हात लावू नका, आधी हे दुरुस्त करा.

घड्याळाचा ट्रॅक उघडून पाच सेकंदांहून जास्त थांबलेल्या जागा मोजा. थांबणे बहुधा कंट्रोलवरच असते, पंच केल्यानंतर (पोचल्याची नोंद केल्यानंतर). माणूस कार्ड टेकवतो, मग नकाशा वळवतो, मग होकायंत्र बघतो, मग निघतो. प्रत्येकी १५ सेकंद धरले तरी १४ कंट्रोल्सना साडेतीन मिनिटे. पुढच्या लेगची पहिली १०० मीटरची दिशा आधीच ठरलेली असेल तर हे १५ चे ५ सेकंद होतात. कोणत्याही इंटरव्हल सरावाने एवढी वेळ इतक्या स्वस्तात मिळत नाही.

आता हे आकडे तुमच्या स्पर्धेवर बसवून बघा. कोर्सचे ४.६ किलोमीटर कंट्रोल्समधल्या सरळ रेषेत मोजलेले असतात, बिनचुकीची धावही त्यापेक्षा लांब होते. चुकांचे फेरे वगळून ती ५.२ किलोमीटर धरू, अधिक १५० मीटर चढ, म्हणजे हिशेबी ६.७. आडरानातला तुमचा वेग खरोखर ६:१७ निघाला, तर निव्वळ धावण्याची वेळ ४२:०६ होते. मग साडेतीस मिनिटांची फोड अशी: चुका १७:५८, थांबणे, चाचपडणे आणि हळू वाचन ६:२६, आणि विजेत्याहून पाय कमी असल्यामुळे ६:०६. धावणे म्हणजे एकूण फरकाचा एक पंचमांश. आडरानातला वेग ७:०० निघाला, तर चित्र बदलते: ४६:५४, म्हणजे पायांचा वाटा जवळपास ११ मिनिटे आणि चाचपडण्याचा दीडच. म्हणूनच तिसरी चाचणी टाळून चालत नाही. तक्त्यातला १.४० चा आकडा या दोन गोष्टी एकत्र बांधून देतो, त्यांची गाठ फक्त रानातच सुटते.

तुमच्या सहाव्या आणि दहाव्या लेगसाठी मात्र आणखी एक तपासणी सुचवतो, कारण तक्ता तिकडेच बोट दाखवतो. बारा छोटी कार्डे बनवा. प्रत्येकावर अनोळखी नकाशाचा तुकडा, त्यावर दोन कंट्रोल्स. मागे एक प्रश्न: अटॅक पॉइंट (कंट्रोलजवळची सहज सापडणारी खूण, जिथून नेमका कंट्रोल गाठायचा) कोणता, कंट्रोलच्या आधी चढ लागेल की उतार, कंट्रोल हुकला तर तुम्हाला अडवणारी ठळक खूण कोणती. चढाच्या चाचणीची तीच ५० मीटरची पायवाट वापरा. वर जोडीदार घड्याळ घेऊन उभा राहील. चार वेळा आरामात चढा, चार वेळा बोलताना वाक्य तुटेल इतक्या जोराने, चार वेळा पूर्ण जोराने. प्रत्येक वेळी वर पोचताच एक कार्ड. उत्तराला लागलेले सेकंद आणि बरोबर-चूक लिहा. तीन गटांपैकी ज्या गटात वेळ एकदम वाढते किंवा चुका सुरू होतात, त्याच्या आधीचा जोर हा तुमचा स्पर्धेतला चढ. बहुतेकांची घसरण हळूहळू होत नाही, एका पायरीवरून खाली पडल्यासारखी होते. ती पायरी कुठे आहे हे कळले की पुढच्या स्पर्धेत चढ किती जोरात घ्यायचा हा वाद संपतो.

क्रम आणि विश्रांती यांची शिस्त पाळा. एका बुधवारी ट्रॅक, त्याच शनिवारी चढ, पुढच्या बुधवारी आडरान, त्यानंतरच्या रविवारी नकाशा. कार्डांची तपासणी त्याच्या पुढच्या आठवड्यात. प्रत्येकीआधी ४८ तास कठीण धाव नाही, १५ मिनिटांचे वॉर्म-अप नेहमीचेच, रानातल्या सगळ्या चाचण्यांना बूट तेच. पुन्हा चाचणी सहा ते आठ आठवड्यांनी, आधी नको. आणि दोन टक्क्यांच्या आतला बदल बदल समजू नका. वारा, झोप आणि आदल्या दिवशीचे जेवण यांतच तेवढा फरक पडतो.

सराव काय बदलायचा ते आकड्यांवर. आडरानाचा भागाकार वाईट आला तर आठवड्यातल्या दोन रस्त्यावरच्या धावा टेकडीवर न्या आणि पायवाट सोडून धावा, सुरुवातीला २० मिनिटे पुरेत, घोटा सवयीचा नसतो. चढाची चौथी फेरी घसरली तर तीच ५० मीटरची पायवाट आठवड्यातून एकदा, सहा ते आठ वेळा. ३००० मीटर अपेक्षेहून हळू आले तर ट्रॅकवर ५ वेळा १००० मीटर, मध्ये दोन-अडीच मिनिटे. नकाशाचा आकडा वाईट असेल तर आठवड्यातून एकदा रेषेवरची धाव, आधी चालत, मग जॉगिंगने, आणि जिथे बोट नकाशावरून सुटले तिथून पुन्हा सुरुवात.

तोपर्यंत मधे स्पर्धा आली तर २० मीटरच्या वरचा प्रत्येक चढ ठरवून चाला. चालताना अंगठा पुढच्या लेगवर ठेवा आणि माथ्यावर पोचायच्या आधी अटॅक पॉइंट स्वतःशी मोठ्याने म्हणा. घरी आल्यावर तक्त्यात फक्त चढाचे लेग आणि त्यांच्या पुढचे लेग लाल पेनाने वेगळे करा. चढाचे गुणोत्तर १.२२ वरून १.४५ वर गेले असेल आणि पुढच्या लेगचे ४.६ वरून १.५ वर आले असेल, तर चढावर गमावलेल्या ४० सेकंदांच्या बदल्यात पुढच्या कंट्रोलवर साडेपाच मिनिटे परत मिळाली.